बोट लागणार कुठे?

"ही बोट कुठल्या बंदराला लागणार?" आईने विचारलं.

"कुठल्याच नाही."

"म्हणजे फक्त मलाच लागणार," असं म्हणून ती आवळासुपारीचा डबा शोधायला स्वयंपाकघरात गेली.

फेब्रुवारी 2021. आम्ही सिंगापूरला राहतो. कोरोनामुळे वर्षभर विमान नाही, भारत नाही, समोर दिसणारं इंडोनेशियाचं बाटम बेटसुद्धा नाही. आई दीर्घ मुदतीच्या पासवर आमच्याकडे आलेली आणि इथेच अडकलेली. पूर्ण देश फिरून बघायचा म्हटला तरी आठवडाभरात संपतो, आणि तो आमचा तीनदा फिरून झाला होता. अशात ज्या दोन बोटींना परवानगी मिळाली होती, त्यांतल्या एकीचं तिकीट नवऱ्याने काढलं. 'वर्ल्ड ड्रीम' नोव्हेंबर 2020 पासून सुरू होती, 'क्वांटम ऑफ द सीज' डिसेंबरपासून. आमची क्वांटम. नियम साधा: बोट सिंगापूरहून निघणार, खुल्या समुद्रात तीन रात्री फिरणार आणि त्याच धक्क्यावर परत येणार. प्रवासी फक्त सिंगापूरचे रहिवासी, आणि क्षमतेच्या निम्मेच.

आई वेंगुर्ल्याची. तिच्या लेखी बोट म्हणजे 'कोकण सेवक'. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, डेकवर चादर पसरायची, शेजारच्या चाकरमान्यांच्या ट्रंकांना पाठ टेकायची आणि वेंगुर्ल्याला खोल पाण्यात बोट उभी राहिली की पडावात उतरून किनाऱ्याला लागायचं. पडाव वर आणि बोट खाली, मग बोट वर आणि पडाव खाली. या हिंदकळण्यात नेमक्या क्षणी पाय टाकायचा. तो ज्याला जमला तो कोकणी. त्यामुळे 'कुठेच न जाणारी बोट' ही कल्पना तिला पैसे देऊन झोपाळ्यावर बसण्यासारखी वाटत होती.

मला भीती वेगळीच होती. योकोहामाच्या बंदरात उभी असलेली 'डायमंड प्रिन्सेस' सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. 3,711 माणसं, त्यांतली 712 बाधित. वर क्वांटमचीच डिसेंबरमधली गोष्ट ताजी होती. 83 वर्षांचे एक आजोबा पोट बिघडलं म्हणून बोटीवरच्या दवाखान्यात गेले, नियमाप्रमाणे चाचणी झाली, ती पॉझिटिव्ह आली. 9 डिसेंबरला बोट एक दिवस आधीच परत फिरली, सुमारे 1,680 प्रवाशांना केबिनमध्ये बसवून ठेवलं. किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत पुन्हा चाचण्या केल्या, तर निगेटिव्ह! आजोबांना कोरोना झालेलाच नव्हता.

लोक हसले, पण मला त्यात तथ्य दिसलं. जिथे हजारात एकालाही रोग नाही, तिथे चाचणी कितीही चांगली असली तरी एखादा पॉझिटिव्ह निघाला तर तो खोटा असण्याचीच शक्यता जास्त. पण हे कळायला दुसरी चाचणी लागते, आणि तोवर बोट वळवावीच लागते. त्या वेळी अंगावर काटा आला होता. तिकीट काढताना मात्र त्याच बातमीने धीर दिला. वळवायची वेळ आली तर वळवतात, एवढं सिद्ध झालं होतं.

चाचणी निघण्याच्या 48 ते 72 तास आधी करायची. सोमवारी दुपारची बोट, म्हणजे शुक्रवार दुपार ते शनिवार दुपार. त्याआधी केलीत तर मधल्या दिवसांत संसर्ग होऊ शकतो, त्यानंतर केलीत तर अहवाल हाती येणार कधी? वेगळे पैसे घेतले नाहीत, ही पहिली सवलत. पॉझिटिव्ह आलात तर तिकिटाचे पैसे परत, ही दुसरी. बोटीच्या जाहिरातीत जलतरण तलाव आणि रोषणाई पहिल्या पानावर असते, ही वाक्यं तळाशी बारीक अक्षरात. मी म्हणते, आधी तळ वाचा.

नाकात काडी घालताना आई शांत बसली. "पंढरपूरला जाताना कॉलऱ्याची सुई टोचून घेतल्याशिवाय पुढे सोडत नसत," ती बाहेर येऊन म्हणाली. "ती दुखायची. ही नुसती गुदगुली." माझे मात्र दोन्ही डोळे वाहत होते.

अहवाल आले आणि खरी गंमत सुरू झाली. आमच्या माणसांची नावं तीन भागांची: स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. आईच्या पासपोर्टवर तिन्ही. बुकिंग करताना जावईबापूंनी दोनच लिहिली होती. चाचणी केंद्रातल्या मुलीने आडनावाच्या जागी माझ्या वडिलांचं नाव टाकलं. म्हणजे कागदोपत्री तीन बायका झाल्या: एक बोटीवर जाणार, एक निगेटिव्ह असलेली, आणि एक भारत सरकारने ओळखलेली. शनिवारी रात्री केंद्राचा फोन कोणी उचलेना. रविवारी सकाळी नवरा स्वतः जाऊन दुरुस्त प्रत घेऊन आला, बुकिंगमधलं नावही बदलून घेतलं. तेव्हा कुठेही चाचणी करा, लस घ्या, बोट पकडा, नाव पासपोर्टवरून अक्षरन् अक्षर उतरवा. पतीचं नाव मधे की शेवटी, हा वाद घरी.

सोमवारी मरीना बे क्रूझ सेंटर. संपर्कात आलेल्यांची नोंद ठेवणारं सरकारी ट्रेसटुगेदर टोकन गळ्यात होतंच, वर बोटीने मनगटात 'ट्रेसलेट' नावाचा पट्टा बांधला. कोण कोणाजवळ किती वेळ होतं याची तो बोटीवर नोंद ठेवायचा. ताप मोजला, प्रकृतीचं पत्रक भरून घेतलं, अहवाल पाहिले, पुन्हा ताप मोजला. आईच्या गळ्यात टोकन, मनगटात पट्टा, पर्समध्ये केबिनची किल्ली असलेलं सीपास कार्ड आणि बाजूच्या कप्प्यात आवळासुपारी. "लग्नात एवढे दागिने नव्हते माझ्या अंगावर."

एक बदल मात्र रोग गेला तरी राहावा असा. पूर्वी बोट सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना डेकवर उन्हात उभं करून बुडण्याची तालीम घेत. आता केबिनमधल्या टीव्हीवर सूचना बघायच्या, भोंग्याचा आवाज ऐकायचा आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन फक्त हजेरी लावून यायचं. पाच मिनिटं लागली.

बोट सुटल्यावर आम्ही कठड्याला उभे होतो. उजव्या हाताला सेंट जॉन्स बेट गेलं. आज तिथे सहलीला जातात, पण 1874 पासून ते विलगीकरणाचं बेट होतं. पटकी, देवी, प्लेग. मजूर म्हणून आलेले चिनी आणि भारतीय, हजहून परतणारे यात्रेकरू, सगळ्यांना आधी तिथे उतरवून तपासत. त्यांचा प्रवास कुठेतरी पोचण्याचा होता आणि शहर समोर दिसत असताना अडवला जात होता. आमचं उलटं. आम्ही तपासून घेऊन, पैसे भरून, शहरापासून लांब चाललो होतो. जहाजावरचा पिवळा झेंडा पूर्वी रोगाची खूण होता. आज त्याच पिवळ्या झेंड्याचा अर्थ 'माझं जहाज निरोगी आहे, बंदरात येऊ द्या' असा आहे, हे नवऱ्याने सांगितलं. अशी माहिती तो नेमकी सूर्यास्ताच्या वेळी सांगतो.

आता बोटीवरच्या सुखसोयींबद्दल. यात फसायला फार वाव आहे. दारूचं पॅकेज घ्यायचं तर एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायचं, असा नियम. म्हणजे नवऱ्याच्या दोन बिअरसाठी आईच्या नावे रोजची अमर्याद व्हिस्की. आकडा डॉलरमध्ये, तोही अमेरिकन. सिंगापुरी समजून हिशेब केला तर घरी आल्यावर कार्डाचं बिल बघून खरंच बोट लागते. रोजची बक्षिसी माणशी आपोआप खात्यात चढते, तीही धरायची. आम्ही पॅकेज घेतलं नाही. नवऱ्याने तीन दिवसांत तीन बिअर विकत घेतल्या आणि प्रत्येक वेळी 'बघ, वाचले' असं म्हणाला.

बायोनिक बार मात्र बघायला पैसे पडत नाहीत. दोन यांत्रिक हात बाटल्यांखालून पेला फिरवतात, हलवतात, ओततात. आई दहा मिनिटं बघत होती. "स्पर्शाचा प्रश्नच मिटला," मी म्हटलं. "पण आग्रह कोण करणार?" ती म्हणाली.

नॉर्थ स्टार हा काचेचा गोळा एका लांब यांत्रिक हाताच्या टोकाला असतो आणि समुद्रापासून 300 फुटांवर नेतो. पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे बंद. दुसऱ्या दिवशी आम्हा तिघांनाच घेऊन वर गेला. खाली अख्खी बोट, भोवती कुठेच किनारा नाही. आई गप्प झाली. मग म्हणाली, "कोकण सेवकवरून किनारा कायम दिसायचा. रत्नागिरी गेली, विजयदुर्ग गेला, असं मोजत यायचो. इथे मोजायला काहीच नाही."

खरी चैन जाहिरातीत नव्हतीच: रिकामेपण. एरवी चार हजारांवर प्रवासी घेणारी बोट निम्म्याखाली भरलेली. डिसेंबरच्या त्या फेरीतही 1,680 प्रवाशांमागे 1,148 कर्मचारी होते. आमच्याही फेरीत दर टेबलाशी कोणीतरी उभंच. तलावाकाठी खुर्ची अडवायला पहाटे रुमाल टाकून यावा लागत नाही, लिफ्टमध्ये आपणच, बंपर कारच्या रांगेत चार मुलं. बुफेत आपल्या हाताने वाढून घ्यायची बंदी, काचेमागून कर्मचारी वाढणार. लोक कुरकुरत होते. मला तर पंगतीतल्यासारखं वाटलं. आपण ताट धरायचं, समोरच्याने वाढायचं, नको म्हटलं तरी थोडं जास्तच. कॅसिनो खुल्या समुद्रात गेल्यावर उघडला. किनाऱ्यावरच्या कॅसिनोत शिरायलाच सिंगापूरच्या नागरिकाला दिवसाचे 150 सिंगापुरी डॉलर मोजावे लागतात, बोटीवर ते नाहीत, म्हणून इथल्या कॅसिनोत मात्र मीटरभराचं अंतर राखताना लोकांची ओढाताण होत होती.

दुसऱ्या रात्री जेवणाच्या टेबलावर आईने वाढप्याकडे हिरवी मिरची मागितली. त्याने मास्कमागून विचारलं, "चिरलेली की आख्खी?" शुद्ध मराठीत. आईने मान वर केली.

"खंयचो रे तू?"

"शिरोड्याचो, मावशे."

पुढची वीस मिनिटं आमचं टेबल वेंगुर्ले तालुक्यात होतं. कोणाची वाडी, कोणाचं देऊळ, मानसीश्वराची जत्रा, कोणाचा भाऊ कोणाचा व्याही. तो नियमाप्रमाणे मीटरभर लांब उभा, आई नियमाप्रमाणे बसलेली, आणि मधल्या जागेत अख्खं तळकोकण. बोट सुरू होण्याआधी त्याला चौदा दिवस एका खोलीत ठेवलं होतं. तेव्हापासून ठरावीक दिवसांनी चाचणी, आणि धक्क्याला बोट लागली तरी त्याने खाली उतरायचं नाही. तीन-चार दिवसांनी सिंगापूर दिसतं, प्रवासी बदलतात, तो तिथेच. "नाक आता माझा नाय, कंपनीचा," तो हसून म्हणाला. मागच्या वर्षी बोटी बंद झाल्या तेव्हा कित्येक महिने पगाराशिवाय घरी बसला होता, त्यामुळे तक्रार नव्हती. आम्ही कुठेच जात नव्हतो ते तीन दिवस. तो चार महिने कुठेच जात नव्हता.

पुढच्या सकाळी नाश्त्याला आईच्या ताटात एका वाटीत मिरचीचा ठेचा आला. मेन्यूत नव्हता. कोणत्याच पॅकेजमध्येही नव्हता.

शेवटच्या रात्री लक्षात आलं की एजंटने दिलेलं 50 डॉलरचं ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे बोटीवर खर्चायची रक्कम, तसंच पडलंय. काही क्रेडिट परत मिळतं, काही मिळत नाही. आमचं दुसऱ्या प्रकारचं. बोट लागली की बुडालं. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, आमचाच आळस. रात्री साडेदहाला आम्ही दुकानात पळालो. टोपी नको, टीशर्ट नको, बोटीचं खेळणं नको. आईने शेवटी बोटीवरच्या फोटोग्राफरने काढलेला एक फोटो निवडला. तिचा, एकटीचा, कठड्याशी उभी, तोंडावर मास्क, मनगटात पट्टा, मागे कोरा समुद्र. किंमत ऐकून मला घेरी आली, पण क्रेडिटमधून गेल्यामुळे फुकटच म्हणायचा.

गुरुवारी सकाळी त्याच धक्क्यावर उतरलो. पट्टे एका खोक्यात परत टाकले. घरी येऊन चहा झाला आणि आईने वेंगुर्ल्याला मावशीला व्हिडिओ कॉल लावला. फोटो फोनसमोर धरला.

"बोटीन गेल्लंय तीन दिस."

"खंय गे?"

"खंयच नाय," आई म्हणाली. "आणि बोटय लागाक नाय."