दोर तुटला तर?

गाइडबरोबर पहिल्यांदा खऱ्या कड्यावर चढून आले, तेव्हापासून एक प्रश्न काही पाठ सोडत नाही: ‘दोर तुटला तर?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीटच सांगते.

दोर असा तुटत नाही हो. चढाईचा एकेरी दोर पास करण्याआधी त्यावर ८० किलोचं वजन पुन्हा पुन्हा पाडून बघतात. असे किमान ५ जबर हिसके त्याने सोसावेच लागतात. नवख्याला तर दोर वरूनच लावलेला असतो. तुमच्या हार्नेसपासून (कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांपासून) माथ्यावरच्या अँकरपर्यंत, म्हणजे पक्क्या आधारापर्यंत, तिथून खाली बिले देणाऱ्याकडे, म्हणजे दोर धरून तुम्हाला सांभाळणाऱ्याकडे. हात सुटला की तुम्ही लोंबकळता, एवढंच. दोराचं वैर धारदार कडांशी आणि आम्लाशी. ते बघायला गाइड असतो.

चुकतो तो माणूस. गाठ अर्धवट राहते, बकल नीट ओवलेलं नसतं, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) लॉक लावायचं राहतं. आमच्या गाइडने माझी फिगर ऑफ एटची (इंग्रजी आठच्या आकाराची, हार्नेसला दोर बांधायची) गाठ हातात घेतली, दोराचे दोन्ही पदर शेवटपर्यंत जोडीने जाताहेत ना, हे बोट फिरवून पाहिलं, प्रत्येक पदर ओढून गाठ आवळली. मग म्हणाला, ‘आता तुम्ही माझं बिले डिव्हाइस, म्हणजे दोर अडवून धरायचं साधन, बघा.’ मला त्यातलं काय कळणार? पण दोर कुठून कसा ओवायचा ते दाखवून त्याने बघायला लावलंच. गाइड कसा आहे, हे मी तरी यावरूनच ठरवीन. नुसतं ‘काळजी करू नका, मी आहे ना’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर मी लटकणार नाही.

खरं जपायचं ते पहिल्या दोन-तीन मीटरांत, आणि हे कुणी विचारतच नाही. दोर ताणला जातो; जायलाच हवा, म्हणून तर पाठीला झटका बसत नाही. पण कडा १५ मीटरचा असेल, तर पायथ्याशी असताना वर जाऊन परत आलेला मिळून सुमारे ३० मीटर दोर मधे असतो. तो ५ टक्के ताणला तरी झाला दीड मीटर. म्हणजे तिथे सुटलात तर पाय थेट जमिनीवर. सुरुवातीला दोर चांगला तंग धरतात तो यासाठी.

चढताना दमतात ते हात. चढाईच्या जिममधल्या कृत्रिम भिंतीवरच्या रंगीत पकडी इथे नसतात, त्यामुळे नजर सारखी वर भिरभिरते आणि हाताने लटकून राहायची सवय लागते. गाइड खालून एकच घोकत होता, ‘पाय बघा, पाय!’ बोटभर रुंदीच्या कंगोऱ्यावर बुटाचं टोक ठेवून त्यावर उभं राहता येतं, हे उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

आणि भीती? वाटली की! चढताना नाही, उतरताना. माथ्याशी पोचल्यावर कातळ सोडून, सगळा भार दोरावर टाकून मागे रेलून बसायचं. त्याने थोड्या उंचीवर एकदा मुद्दाम तसं बसवून घेतलं होतं, तरी वर बोटं सुटेनात.

जाणार असाल तर नखं कापा. अंगठी घरी ठेवा. खाचेत अडकली आणि पाय सुटला तर बोटावर बेततं. आणि बूट घट्टच हवेत, पण डोळ्यांत पाणी येईल इतके नकोत.