आमची वाटचाल: मागाच्या सुट्या भागांपासून छर्ऱ्याच्या पेटीपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांनी वर्कशॉप टाकलं तेव्हा एक लेथ, एक ड्रिल आणि वेल्डिंगचं मशीन एवढंच होतं. कामं सगळी यंत्रमागाची. पुढं चादर-टॉवेलचे कारखाने थंडावले, उधारी अडकली आणि मिळेल ते फॅब्रिकेशन आम्ही घ्यायला लागलो. त्यातच नेमबाजीच्या एका प्रशिक्षकांनी दहा मीटर रेंजसाठी टार्गेटच्या पेट्या मागितल्या.

पेटी करायच्या आधी सरांनी एअर रायफलचा, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीचा, छर्रा हातावर ठेवला. शिशाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, कमरेत बारीक. सपाट पत्र्यावर आदळला की त्याची चकती होते, पण तुकडे मागं उडतात आणि डोळा तेवढ्यानं जातो. म्हणून आमच्या पेटीत मागचा पत्रा तिरका असतो. छर्रा खाली वळतो, जोर संपतो, तळाच्या ट्रेमध्ये पडतो. पातळ पत्र्याला खळगे पडतात आणि खळग्यावर बसलेला छर्रा कुठं उडेल याचा नेम नाही, त्यामुळं जाडीत आम्ही तडजोड करत नाही. ट्रेमधलं शिसं मोठ्यांनीच काढायचं आणि हात साबणानं धुवायचे, हे पेटीवरच रंगवून देतो.

२०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक आणलं, तशी पालकांची चौकशी वाढली. त्याची रायफल .२२ ची, काडतुसाची. तिला लायसन लागतं. मुलं सुरुवात करतात ती एअर रायफलवर. मग हमखास प्रश्न येतो, "याला लायसन लागत नाही ना?" शस्त्र नियम, २०१६ प्रमाणं ४.५ मिमीपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना लागतो. स्पर्धेची एअर रायफल आठेक ज्यूलची असते. ही मर्यादा हवीच, त्यात आम्हाला शंका नाही. पण कायदा बंदुकीची ताकद मोजतो. छर्रा कुठं जाऊन थांबणार, ते चालवणाऱ्यालाच बघावं लागतं. आठ ज्यूलही डोळ्याला फार झाले. आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या, माळढोक अभयारण्याच्या माळावर पाखरांवर नेम धरायचा विचार कुणी करत असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिथं लागू होतो, बंदुकीला लायसन असो वा नसो.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायचे स्टॉल लागतात. त्यांच्यासाठी आम्ही पडदा बनवला. सेकंडच्या मालातल्या जाड चादरी, चार-पाच पदर, वरून मोकळ्या सोडलेल्या, मागं पत्रा. ताणून बांधलं तर छर्रा उसळतो. सैल कापड त्याला धरून ठेवतं. सोलापूरच्या चादरीचा हा उपयोग वडिलांना फार आवडला होता.

एका संस्थेला स्वस्तात सपाट पत्राच भिंतीला ठोकून हवा होता. मुलं तिथं दहा मीटरवर उभी राहणार होती. ऑर्डर मोठी होती, आम्ही घेतली नाही.

आता कोटेशन देण्याआधी आम्ही जागेवर जातो. भिंतीपलीकडं काय आहे, दार कुठं उघडतं, मागून वाट जाते का, हे बघतो. मागं वर्ग किंवा रस्ता असेल तर आधी दिशा बदलायला सांगतो, मग पेटीचा भाव.