एला बेकर : माणसे उभी करणारी संघटक

अमेरिकेतील वर्णभेदविरोधी लढ्याचा विषय आपल्याकडे निघाला, की मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव येते, फार तर रोझा पार्क्स यांचे येते, आणि बोलणे तिथेच थांबते. त्या लढ्यात पाच दशके वावरलेल्या आणि काही काळ किंग यांच्याच संघटनेचे कार्यालय चालवलेल्या एला बेकर यांच्याविषयी मराठीत क्वचितच कोणी लिहिते. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातील ग्रंथालयात बसून मी त्यांच्याविषयी वाचू लागले, तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की होत गेली आहे. नेता तुरुंगात गेला, थकला किंवा मारला गेला, तरी काम पुढे नेणारी किती माणसे त्याने तयार केली, हाच त्याच्या नेतृत्वाचा खरा हिशेब आहे. आणि या हिशेबाने पाहिले, तर बेकर यांच्या तोडीची माणसे त्या लढ्यात फार थोडी होती.

त्यांचा जन्म 13 डिसेंबर 1903 रोजी व्हर्जिनियातील नॉरफोक येथे झाला आणि बालपण नॉर्थ कॅरोलायनातील लिटलटन या गावी गेले. आजी गुलामगिरीत जन्मलेली होती. मालकाने ठरवलेल्या पुरुषाशी लग्न करायला नकार दिला म्हणून तिने फटके खाल्ले होते, आणि ही हकीकत एला लहानपणी तिच्याच तोंडून ऐकत असत. 1927 मध्ये, म्हणजे महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच वर्षी, त्या नॉर्थ कॅरोलायनातीलच रॅले शहराच्या शॉ विद्यापीठातून पदवीधर झाल्या आणि न्यूयॉर्कला आल्या. थोड्याच काळात महामंदी आली, आणि तिथल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील उपासमार पाहत त्यांनी कृष्णवर्णीय तरुणांच्या सहकारी संस्था उभारण्याचे काम हाती घेतले.

या काळातील त्यांचे एक लिखाण मला विशेष महत्त्वाचे वाटते. 1935 मध्ये मार्व्हल कुक यांच्यासह त्यांनी ‘द क्रायसिस’ या मासिकात न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागातील घरकामगार स्त्रियांवर लेख लिहिला. सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत, ऊन असो वा पाऊस, म्हाताऱ्या आणि तरुण कृष्णवर्णीय स्त्रिया हातात कागदी पुडके घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहत. गोऱ्या गृहिणी येऊन, पारखून, तासाला 15 ते 30 सेंट मजुरी ठरवून त्यांना घेऊन जात. हा प्रकार या दोघींनी तिथे जाऊन पाहिला आणि त्याला गुलामांचा बाजार म्हटले. घणसोली-ऐरोलीच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडच्या मजूर नाक्यावर सकाळी बिगारी काम करणाऱ्या बाया अशाच उभ्या असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत भाकरीचा डबा, कामाचा जुना सदरा आणि डोक्यावर घ्यायची चुंबळ. मुकादम गाडीतून न उतरताच बोटाने दाखवतो आणि धट्ट्याकट्ट्या बाईला आधी उचलतो. दहा वाजून गेले, की उरलेल्या बाया ठरल्या रोजापेक्षा कमी पैशांतही जायला तयार होतात. जात, वंश आणि बाईपण ही तीन ओझी एकाच अंगावर कशी येतात, हे बेकर यांना अशा कोपऱ्यावर उभे राहून कळले होते, आणि म्हणूनच पुढे त्यांनी अशा स्त्रियांना कधी नुसत्या सभेच्या श्रोत्या मानले नाही.

1940 मध्ये त्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या सर्वांत मोठ्या संघटनेत क्षेत्रीय कार्यकर्त्या म्हणून दाखल झाल्या आणि 1943 मध्ये शाखांच्या संचालक झाल्या. दक्षिणेतील गावोगावी जायचे, चर्चमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून लोकांचे ऐकायचे आणि मग सभासद करायचे, हा त्यांचा क्रम होता. सभासद होणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. नोकरी जाई, कर्ज नाकारले जाई आणि जीवही जाई. फ्लोरिडात ही संघटना बांधणारे हॅरी मूर आणि त्यांच्या पत्नी हॅरिएट यांच्या घराखाली 1951 च्या नाताळच्या रात्री बॉम्ब फुटला आणि त्यात दोघेही गेले. अशा प्रदेशात बेकर एकट्या रेल्वेने फिरत होत्या. स्थानिक लोकांमधूनच पुढारी घडावेत, यासाठी त्यांनी शिबिरे घेतली, आणि 1946 मधील अशाच एका शिबिराला मॉन्टगोमेरीहून रोझा पार्क्स आल्या होत्या. 1955 मध्ये बसमधील जागा सोडायला नकार देणारी स्त्री शिणलेली, साधीसुधी शिवणकाम करणारी होती, असे आपल्या पाठ्यपुस्तकी कथेत येते. तिच्यामागे इतक्या वर्षांची तयारी होती, हे त्या कथेतून गळून जाते.

किंग यांच्या एससीएलसी या संघटनेचे कार्यालय त्यांनी 1958 पासून अटलांटात सांभाळले. तिथे धर्मोपदेशकांचा वरचष्मा होता. पन्नाशी उलटलेल्या, धर्मोपदेशक नसलेल्या, तोंडावर मतभेद मांडणाऱ्या बाईचे ऐकण्याची त्यांची फारशी तयारी नव्हती. किंग यांनी चळवळ घडवली नाही, चळवळीने किंग घडवले, असे बेकर म्हणत असत. मला हे म्हणणे अर्धेच पटते. किंग यांच्या वाणीने लक्षावधी माणसांच्या मनातील भीती घालवली, आणि ते काम कोणत्याही शाखेच्या बैठकीतून झाले नसते. परंतु एका माणसाभोवती सगळे गोळा झाले, की तो माणूस गेल्यावर मागे काय उरते, हा त्यांचा प्रश्न 1968 मध्ये किंग यांची हत्या झाल्यावर कोणालाच टाळता आला नाही. आपल्याकडे 1956 नंतर रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले, हे पाहिलेल्या वाचकाला तो अधिकच झोंबेल.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कामगिरी एप्रिल 1960 ची. त्या वर्षी 1 फेब्रुवारीला ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ या दुकानातील, गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले, आणि दोन महिन्यांत तो सत्याग्रह दक्षिणेतील अनेक शहरांत पसरला. विखुरलेले हे विद्यार्थी एकमेकांना ओळखतही नव्हते. बेकर यांनी एससीएलसीकडून 800 डॉलर मिळवले आणि ईस्टरच्या सुट्टीत आपल्याच जुन्या शॉ विद्यापीठात त्यांची परिषद भरवली. या मुलांनी आपल्या संघटनेची युवा शाखा व्हावे, असे मोठ्यांना वाटत होते. बेकर यांनी त्याला ठाम विरोध केला. मुलांना आपले निर्णय स्वतः घेऊ द्यावेत, असे म्हणून त्या चर्चेतून उठून गेल्या. त्यातून जी स्वतंत्र संघटना जन्मली, तिला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीला, सगळे ‘स्निक’ म्हणून ओळखतात. पुढे मुलांच्या तासन्‌तास चालणाऱ्या बैठकांत त्या शांत बसून राहत आणि मध्येच एखादा असा प्रश्न विचारत, की सगळ्यांना पुन्हा विचार करावा लागे.

त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा गणिताचा तरुण शिक्षक बॉब मोझेस अटलांटात आला. बेकर यांनी आपल्या जुन्या ओळखीच्या माणसांची यादी देऊन त्याला मिसिसिपीत पाठवले, आणि तिथले स्थानिक कार्यकर्ते अ‍ॅमझी मूर यांनी त्याला सांगितले, की इथे काउंटरपेक्षा मताधिकाराची गरज आहे. त्या कामातून 1962 मध्ये मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर पुढे आल्या. मतदार नोंदणीला गेल्या म्हणून मळेवाल्याने त्यांना त्याच दिवशी घराबाहेर काढले, आणि दोन वर्षांनी त्याच बाई डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटी अधिवेशनात देशासमोर साक्ष देत होत्या. बेकर ते मोझेस, मोझेस ते हेमर, ही साखळी मी आमच्या घरकामगार बायांच्या बैठकीत सांगितली, तेव्हा दिघ्याच्या एका ताईंनी लगेच विचारले, “त्या बेकरबाई स्वतः का नाही बोलल्या अधिवेशनात?” यापेक्षा चांगला प्रश्न मला कोणत्याही पुस्तकात भेटलेला नाही.

या पद्धतीला मर्यादा होत्या. साठचे दशक सरताना स्निक अंतर्गत वादांत मोडली, आणि तिथे शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरलेले नव्हते म्हणूनही ते वाद मिटले नाहीत, असे माझे मत आहे. पण तिथे घडलेली माणसे मोडली नाहीत. मोझेस यांनी 1980 च्या दशकात गरीब मुलांना बीजगणित शिकवण्याचा मोठा उपक्रम उभा केला, तर जॉन लुईस तीन दशकांहून अधिक काळ संसदेत बसले. बेकर 13 डिसेंबर 1986 रोजी, आपल्या 83 व्या वाढदिवशीच वारल्या.

आमच्या बैठकीत आता दर महिन्याला अध्यक्ष बदलते. या महिन्यात नाक्यावर छप्पर आणि स्वच्छतागृह मिळावे म्हणून अर्ज करायचा आहे, आणि तो लिहिणे, पालिकेत देऊन पोच घेणे, ही दोन्ही कामे दिघ्याच्या त्याच ताईंनी स्वतःकडे घेतली आहेत.