प्रश्नातलं क्रियापद

काही काळापूर्वी दुभाषी म्हणून केलेला एक जबाब अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय. ओळख पटू नये म्हणून गाड्यांचे रंग, आकडे आणि इतर तपशील बदललेत. क्रियापदं मात्र होती तशीच ठेवलीत, कारण सगळा पेच त्यांच्यातच आहे.

अपघाताच्या विम्याचा दावा होता. विमा कंपनीच्या तपासनिसांना एका प्रत्यक्षदर्शीशी बोलायचं होतं. त्यांची भाषा इंग्रजी, साक्षीदार गृहस्थांची मराठी. तिघं तीन ठिकाणी, व्हिडिओ कॉलवर.

आमच्या कामाचे बाहेरच्यांना ठाऊक नसलेले नियम थोडक्यात सांगते. साक्षीदार ‘मी पाहिलं’ म्हणाला की मीही ‘मी पाहिलं’ म्हणते, ‘ते म्हणतात की’ नाही. स्वतःच्या वतीने बोलायची वेळ आली तर स्वतःला ‘दुभाषी’ म्हणायचं, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला ते कोणाचं बोलणं हे कळतं. आणि कॉलवर कोणी काहीही बोललं तरी ते पलीकडे पोहोचवायचंच. दोघांतलं खाजगी असं काही राहत नाही.

नोंदी काढतो त्या लघुलेखनासारख्या नसतात. आशय डोक्यात धरायचा आणि कागदावर फक्त आकडे, नावं आणि कोणी कोणाला काय केलं त्याचे बाण, कारण आकडे आणि नावं स्मरणात टिकत नाहीत. मी त्यात आणखी एक सवय लावून घेतली आहे. अपघाताच्या जबाबात टकरीचं क्रियापद ज्या भाषेत आलं त्याच भाषेत लिहून त्याला चौकट करते. या सवयीचा मला अभिमान आहे, आणि त्या दिवशी तिच्यामुळेच पुढचं सगळं लक्षात आलं.

सुरुवातीला तपासनिसांनी मोकळा प्रश्न विचारला, काय पाहिलंत ते सांगा. गृहस्थ म्हणाले, “पांढरी गाडी मागून आली आणि तिनं निळ्या गाडीला धडक दिली.” मी इंग्रजीत ‘हिट’ म्हटलं. टकरीसाठी इंग्रजीतलं सर्वांत साधं, कोणताही रंग नसलेलं क्रियापद तेच. तपासनिसांनीही तेच उचललं: हिट केलं तेव्हा वेग किती होता? “बेतानंच होती. तीसेक असेल.”

मग उजेड किती होता, रस्ता ओला होता का, तुम्ही कुठे उभे होता, असं बरंच झालं. त्यानंतर त्यांनी निळ्या गाडीचे फोटो स्क्रीनवर दाखवले. मागची डिकी आत दबलेली. आणि वेगाचा प्रश्न पुन्हा आला. या वेळी ‘हिट’च्या जागी ‘स्मॅश’ होतं.

‘स्मॅश’ हे फसवं क्रियापद आहे. बॅडमिंटनमुळे ते आपल्या ओळखीचं वाटतं. पण बोलण्यातल्या इंग्रजीत कोणी ‘स्मॅश्ड’ असतो तेव्हा तो दारू पिऊन तर्र असतो, ‘स्मॅशिंग’ म्हणजे ब्रिटिशांच्या तोंडी ‘फारच छान’, आणि परीक्षा ‘स्मॅश’ केली म्हणजे झकास दिली. टकरीच्या बाबतीत मात्र त्यात वेग, आवाज आणि मोडतोड तिन्ही एकदम येतात. त्याचे शेजारी वेगळे. ‘बम्प’ हलकं. ‘कोलाइड’मध्ये दोन्ही वस्तू हलत असाव्यात असा काही संपादकांचा जुना आग्रह आहे. ‘रॅम’ म्हटलं की गाडी मुद्दाम घातल्याचा वास येतो. समानार्थी शब्दांच्या यादीत हे सगळे एका ओळीत बसतात. जबाबात तसे बसत नाहीत.

मराठीत जोर बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधीच्या शब्दातून येतो: धाडकन, जोरात, सपकन. ‘ठोकली’त चालकाचा दोष डोकावतो. ‘चक्काचूर केला’त मोडतोड इतकी मोठी होते की वेग झाकला जातो. ‘धाडकन आदळली’ जिभेवर आलं होतं, पण ‘धाडकन’मध्ये आवाज उघड आहे, आणि आवाजाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “जोरात आदळली तेव्हा वेग किती होता?” आजही मला तेच भाषांतर योग्य वाटतं. प्रश्नात जोर होता आणि तो पोहोचवणं माझं कामच होतं.

गृहस्थ थोडं थांबले. “पन्नास तरी असेल. आवाजही मोठा झाला होता.”

मागे वळून नोंदी पाहिल्या. एका चौकटीत ‘धडक’, दुसरीत ‘स्मॅश’. तीस आणि पन्नास.

या विषयावरचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 45 विद्यार्थ्यांना अपघातांच्या 7 छोट्या चित्रफिती दाखवून गाड्यांच्या वेगाचा अंदाज विचारला. प्रश्न एकच, फक्त क्रियापद बदललेलं. ‘स्मॅश’ ऐकलेल्यांचा सरासरी अंदाज ताशी 40 मैलांच्या थोडा वर गेला, ‘कॉन्टॅक्ट’ ऐकलेल्यांचा 32च्या आत राहिला. दुसऱ्या प्रयोगात 150 विद्यार्थी होते. आठवड्याने त्यांना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? चित्रफितीत काचा नव्हत्याच. ‘स्मॅश’ ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 ‘हो’ म्हणाले, ‘हिट’ ऐकलेल्या 50 पैकी 7. वर्गात बसून चित्रफीत पाहणं आणि रस्त्यावर खरा अपघात पाहणं यात फरक आहे, हा त्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. शिवाय आमच्या गृहस्थांनी मधे फोटोही पाहिले होते. पन्नासचा आकडा क्रियापदाने आणला की दबलेल्या डिकीने, हे मी सांगू शकत नाही. पण मोठा आवाज तोवर त्यांच्या बोलण्यात कुठेच नव्हता.

मी म्हणाले, “दुभाषीला एक स्पष्टीकरण द्यायचं आहे. वेगाच्या दोन प्रश्नांत टकरीसाठी वेगवेगळी क्रियापदं होती आणि त्यांच्या जोरातला फरक मराठीतही उतरला आहे.” मग हेच गृहस्थांना मराठीत सांगितलं. तपासनीस वैतागले. अर्थ एकच आहे, पुढे चला, म्हणाले. वाईट हेतूचा माणूस नव्हता. फोटो पाहून त्यांच्याच तोंडात मोठं क्रियापद आलं असणार. पण ज्यांचा दिवस लोकांना प्रश्न विचारण्यात जातो, त्यांना स्वतःचा प्रश्न ऐकू येत नाही, हे मी या कामात वारंवार पाहिलंय.

एक अनुभवी सहकारी नंतर म्हणाल्या, “तू बोलायला नको होतंस. प्रश्न सूचक आहे की नाही हे वकिलांनी बघायचं.” मला पटलेलं नाही. प्रश्न चूक आहे असं मी म्हटलंच नाही. दोन्ही भाषा ऐकणारी त्या कॉलवर मी एकटी होते, आणि जे फक्त मलाच दिसू शकत होतं तेवढं सांगितलं.

खरी अडचण पुढे होती. असे जबाब अनेकदा प्रश्नोत्तरांच्या रूपात ठेवत नाहीत. तपासनीस सलग मजकूर टाइप करतात, प्रश्न गळून पडतात आणि त्यांतले शब्द साक्षीदाराच्या तोंडी जातात. मला या पद्धतीची चीड आहे. आमचा मजकूर असा होता: ‘पांढरी गाडी निळ्या गाडीवर स्मॅश होताना मी पाहिली, वेग पन्नासच्या आसपास होता.’ सहीआधी तो मला मराठीत वाचून दाखवायचा असतो. ‘जोरात आदळताना’ वाचलं आणि गृहस्थांनी हात वर केला.

“थांबा. आदळली असं मी म्हटलं होतं का?”

मी प्रश्न इंग्रजीत दिला. तपासनीस म्हणाले, शब्द बदलायचा असेल तर बदलू. गृहस्थ माझ्याकडे पाहून म्हणाले, “ताई, तुम्हाला दोन्ही भाषा येतात. तुम्हीच सांगा, कुठला शब्द बरोबर?”

उत्तर द्यायचा मला अधिकार नव्हता. तो प्रश्न मी जसाच्या तसा इंग्रजीत तपासनिसांपुढे ठेवला. त्यांनी या वेळी नीट ऐकलं. “शब्द तुमचाच असायला हवा,” म्हणाले. गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधी धडक म्हणालो होतो, तेच लिहा. पण खरं सांगू, आता डोळ्यांपुढे आदळतानाच दिसते.”

‘स्मॅश’ खोडून ‘हिट’ झालं. दुसरं वाक्य तपासनिसांनी घेतलं नाही. वेग पन्नासच राहिला, तीसचा उल्लेख कुठेच आला नाही. मी मजकूर पुन्हा वाचला, आकडा मुद्दाम सावकाश उच्चारला. गृहस्थांनी मान हलवली आणि सही केली.

आकड्याबद्दल तिथे पुन्हा बोलले असते तर ते साक्षीदाराच्या वतीने भांडणं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. बहुतेक अजूनही तसंच वाटतं. काम संपल्यावर आम्ही एक फॉर्म भरतो. त्यात शेऱ्याच्या रकान्यात लोक सहसा नेटवर्कच्या तक्रारी लिहितात. मी तिथे वेगाच्या दोन्ही प्रश्नांच्या ध्वनिमुद्रणातल्या वेळा, दोन्ही क्रियापदं आणि दोन्ही उत्तरं लिहून पाठवली. ते कोणी वाचलं का, हे मला कळवलं जात नाही.