१३ सेंटिमीटरचा डबा

डॉग शोमध्ये टिकलीला पहिल्यांदा टेबलवर घेतलं तेव्हा परीक्षक बाईंनी तिचे दात पाहिले, कानाची पाळी उचलून सोडली आणि मग मागे जाऊन दोन्ही हात कोपरांच्या मागून तिच्या छातीभोवती वेढले. पुढचे पाय टेबलापासून इंचभर उचलले, हलकं दाबलं, खाली ठेवलं. जेमतेम चार सेकंद. मी उकडलेल्या कलेजीचा तुकडा धरून तिच्या तोंडापुढे उभी होते आणि मनात एवढंच होतं, की हिने आता भुंकू नये. बाई त्या चार सेकंदांत काय बघून गेल्या ते मला कळलंच नाही. त्या दिवशी आम्हाला काही मिळालं नाही आणि का मिळालं नाही हेही समजलं नाही. मला ते न समजणं जास्त लागलं.

टिकली जॅक रसेल टेरिअर. अंगभर पांढरी, कपाळावर तांबूस ठिपका, म्हणून टिकली. कागदावर तिचं लांबलचक नाव आहे, ते फक्त फॉर्म भरताना लागतं. आम्ही परळला राहतो, बैलघोडा हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर. मुलगा हट्ट करत होता म्हणून पिल्लू आणलं, शोचा विचारही नव्हता. तो विचार घातला दादर पारशी कॉलनीतल्या एका अंकलनी. आयुष्यभर त्यांनी वायर फॉक्स टेरिअर पाळले. सकाळी फाइव्ह गार्डन्सला टिकली चालताना बघून ते थांबले, तिला मागून-पुढून चालवायला लावलं आणि म्हणाले, "डीकरी, हिचे पेपर आहेत ना? मग घरात काय बसवून ठेवलंयस?"

पेपर, म्हणजे जातीच्या नोंदणीचे कागद, अजून मिळायचे होते. ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्यांनी 'पंधरा दिवसांत देतो' असं सांगून सात महिने लावले. आधी ब्रीडरने पूर्ण वेताची नोंद करायची, प्रत्येक पिल्लाला कातडीखाली ओळख क्रमांकाची मायक्रोचिप टोचायची, मग मालकी बदलून आपल्या नावावर करायची. केनेल क्लब ऑफ इंडियाचं कार्यालय चेन्नईला आहे, नोंदणी तिथून होते. सर्टिफिकेट हातात आलं आणि डॉक्टरांकडे चिप वाचली, तर पंधरा आकड्यांपैकी एक आकडा वेगळा निघाला. ब्रीडरने अर्जात सहाच्या जागी नऊ लिहिला होता. दुरुस्तीत हिवाळ्याचा अर्धा मोसम गेला. पिल्लू घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: पैसे देण्याआधी चिप आपल्या समोर वाचून घ्या आणि कागदावरचा आकडा बोट ठेवून ताडून पाहा. नोंदणी क्रमांकाशिवाय प्रवेशिका भरता येत नाही आणि प्रवेशिका शोच्या बऱ्याच आधी बंद होतात.

तो अर्धा मोसम मी नुसती टेरिअर रिंगच्या, म्हणजे कुत्रे चालवून दाखवतात त्या आखलेल्या जागेच्या, कडेला खुर्ची टाकून बसले. अंकल शेजारी. रिंगमध्ये काय चाललंय ते त्यांनी एकदाही आपणहून सांगितलं नाही, मला विचारायचे. "कोण आवडलं?" मी सांगायचे, तो काळ्या चेहऱ्याचा. "का?" उत्तर नसायचं. चेहरा गोंडस होता, एवढंच. मग ते म्हणायचे, चेहरा झाकून बघ. खरंच, हाताने समोरचा भाग झाकून नुसते पाय बघायचे. समोरून येताना पुढचे दोन पाय सरळ, समांतर पडतायत का, की कोपर बाहेर फेकलं जातंय. महिनाभरानंतर मला कोपर दिसायला लागलं. तोपर्यंत मी फक्त कुत्रे बघत होते.

छातीचं कोडंही त्यांनीच सोडवलं, पण सांगून नाही. टेरिअर हा शब्दच जमिनीवरून आलाय. कोल्ह्याच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढायचं किंवा अडवून धरायचं, हे या कुत्र्याचं काम. ज्यांच्या नावाने ही जात ओळखली जाते ते इंग्लंडमधल्या डेव्हनचे पाद्री जॉन रसेल, १७९५ ते १८८३. शिकारीचा नाद असलेला माणूस. १८७३ मध्ये तिथे केनेल क्लब निघाला त्याच्या सुरुवातीच्या सभासदांत ते होते, फॉक्स टेरिअरचं परीक्षणही त्यांनी केलं. जातीचं आजचं रूप पुढे ऑस्ट्रेलियात घडलं आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एफसीआयने, २००० साली तिला मान्यता दिली, तिसऱ्या गटात, टेरिअरांमध्ये. तिच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जात कशी असावी याच्या अधिकृत वर्णनात, लिहिलंय, की कोपरांमागे छातीचा घेर ४० ते ४३ सेंटिमीटर असावा, दोन हातांच्या वेढ्यात मावेल इतका. छाती त्याहून रुंद झाली की कुत्रा बिळात अडकणार. अडकलेला कुत्रा आत मरतो. परीक्षकाचे ते चार सेकंद या एका प्रश्नासाठी असतात: हा आत जाऊन परत येईल का?

हे वाचून कळलं, पण हातांना कळत नव्हतं. माझे पंजे लहान आहेत. टिकलीच्या छातीला वेढा घातला तर बोटं भेटत नव्हती, म्हणून मला वाटलं तिची छातीच मोठी. अंकलनी घरी बोलावलं आणि म्हणाले, स्वयंपाकघरातला एखादा गोल डबा आण, टेप आण. तेरा सेंटिमीटर व्यासाचा स्टीलचा डबा, माझ्याकडे त्यात मेथीदाणे असतात. त्याचा घेर भरतो जवळजवळ ४१. त्या डब्याला दोन्ही हातांनी वेढा घातला तर खाली माझ्या बोटांमध्ये अडीच बोटं जागा उरते. म्हणजे जॅक रसेलच्या छातीला वेढा घालताना अडीच बोटं उरली तर बरोबर. अंकलचे हात मोठे, त्यांची बोटं एकमेकांवर चढायची. प्रत्येकाने आपला हात आधी मोजून घ्यायचा असतो. महिनाभर मी रोज पोळ्या झाल्या की बांगड्या काढून डोळे मिटून आधी डबा, मग टिकली, असं धरून बघत होते. सासूबाई आधी काळजीत पडल्या, मग त्यांनीही धरून बघितलं.

टिकली ४२ भरली. मग त्या पहिल्या शोमध्ये अडलं कुठे? अडलं होतं माझ्याकडे. घाबरून मी पट्टा वर ताणून धरत होते. टेरिअर असा टांगला की पुढचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, कोपरं बाहेर जातात आणि चांगला कुत्रा वाईट दिसतो. अनुभवी परीक्षक सरळ सांगतात, पट्टा सैल सोडा. मला सांगितलं होतं, मी भीतीत ऐकलंच नव्हतं. सैल पट्ट्यावर चालवायला आम्ही इमारतीच्या गच्चीवर तीन महिने घालवले. नवऱ्याने खडूने त्रिकोण आखून दिला. रिंगमध्ये त्रिकोणात चालवतात, मग सरळ जाऊन परत. म्हणजे कुत्रा मागून, बाजूने आणि समोरून, तिन्हीकडून दिसतो.

केसांचीही एक गोष्ट झाली. टिकलीचा कोट ब्रोकन म्हणतात तसा आहे, गुळगुळीतही नाही आणि पुरता राठही नाही, हनुवटीवर आणि पाठीवर थोडे ताठ केस. जॅक रसेलमध्ये तिन्ही प्रकार चालतात. तरी एका ग्रूमरने, म्हणजे कुत्र्यांचे केस नीट करणाऱ्याने, आग्रह धरला, की हे केस उपटून सगळी गुळगुळीत करू, शोमध्ये उठून दिसेल. वायर फॉक्ससारख्या जातींत हाताने केस काढणं हा कामाचाच भाग आहे. मशीन फिरवली तर राठ केस मऊ पडतात, रंगही फिकटतो. पण जॅक रसेलच्या स्टँडर्डमध्ये स्पष्ट आहे, कोट दुसऱ्या प्रकारचा भासावा म्हणून बदलू नये. मी नाही म्हटलं. मुंबईच्या दमट हवेत तो कोट तसाही हवा तसा बसत नाही. शोच्या आदल्या रात्री तिला एसीत झोपवते, सकाळी ओला हात फिरवून ब्रश करते. बस.

पावसाळ्यात शो नसतात आणि मला तोच काळ सगळ्यात अवघड जातो. आमच्या कंपाउंडमध्ये घुशी आहेत, गटाराच्या झाकणाशेजारी त्यांची भलीमोठी बिळं आहेत. पहिल्या जुलैत टिकलीने पट्टा हिसडला आणि खांद्यापर्यंत आत गेली. बाहेर फक्त मागचे पाय आणि शेपूट. मागच्या पायांना धरून मी तिला ओढून काढलं तेव्हा तिच्या तोंडावर चिखल होता आणि डोळ्यांत असा उजेड, जो रिंगमध्ये मी कधी पाहिला नाही. तिच्या रक्तात जे होतं तेच ती करत होती. पण उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तुंबलेल्या पाण्यातून कुत्र्यांनाही आणि माणसांनाही. तिला साबणाने धुतलं, डॉक्टरांना फोन केला. लेप्टोची लस दरवर्षी न चुकता देते, तरी त्या बिळाकडे तिला जाऊ देत नाही. ज्या कामासाठी तिची छाती मोजतात ते काम मी तिला करू देत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. गच्चीवर पुठ्ठ्याचे लांब खोके जोडून बोगदा केलाय, त्यात खाऊ लपवते. ती आनंदाने जाते. पण तो उजेड येत नाही.

पुढच्या मोसमात ती वर्गात पहिली आली, नंतर एका शोमध्ये चॅलेंज सर्टिफिकेटही मिळालं. एक सर्टिफिकेट म्हणजे चॅम्पियन नव्हे, ती वेगवेगळ्या परीक्षकांकडून जमवावी लागतात. त्याचवेळी मला रिंग स्टुअर्ड, म्हणजे परीक्षकांची मदतनीस, म्हणून उभं राहायची संधी मिळाली, आणि खरं शिकणं तिथे झालं. हँडलरांना, म्हणजे कुत्रे चालवणाऱ्यांना, क्रमांकाने बोलवायचं, गैरहजर कोण ते टिपायचं, परीक्षकांच्या वहीत निकालाची नोंद होतेय ना पाहायचं, रिबिनी हातात द्यायच्या. कुत्र्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. दिवसभर एकाच माणसाच्या हातांकडे बघायचं. आधी नर, मग माद्या, मग दोघांतले सर्वोत्तम समोरासमोर, त्यातून जातीचा विजेता, आणि तो टेरिअर गटात. फॉक्स टेरिअरांच्या रिंगमध्ये एका परीक्षकांनी दोन नरांना थोड्या अंतरावर समोरासमोर आणलं. दोघेही ताठ झाले, मान वर, शेपूट वर, जागचे हलले नाहीत. अंगावर धावून गेला तर गुण जातात आणि मागे सरकला तरी जातात. श्वास रोखून बघत राहिले मी.

मागच्या जानेवारीत ओळखीच्या मंडळींनी एका शाळेच्या मैदानात छोटा मॅच ठेवला, सर्टिफिकेट नसलेला, नवख्यांच्या सरावासाठी. जॅक रसेल सात होते. परीक्षक म्हणून मला उभं केलं. मी मान्यताप्राप्त परीक्षक नाही, हे मी आधी सगळ्यांना सांगितलं. रात्रभर झोप लागली नव्हती. दुसऱ्याच्या कुत्र्यावर हात ठेवून निर्णय द्यायचा, ही मोठी जोखीम आहे. समोरचा माणूस पहाटे उठून, कुत्र्याला आंघोळ घालून, टॅक्सीला दुप्पट पैसे देऊन आलेला असतो.

सातांत एक नर फार देखणा होता. अर्धा चेहरा काळा, डोळे बदामी, चाल सुरेख. आसपासच्यांनी तोच पहिला धरला होता. टेबलवर मी वेढा घातला आणि माझ्या बोटांमध्ये चांगली पाच बोटं जागा उरली. पुन्हा घातला. तेच. पहिला नंबर मी एका साध्या दिसणाऱ्या, राठ केसांच्या मादीला दिला. छाती नेमकी, पाय सरळ, अनोळखी हाताखाली शांत. देखणा नर तिसरा.

त्याचा मालक कॉलेजातला मुलगा. रिंगबाहेर येऊन थांबला. चिडला नव्हता, चेहरा पडला होता. "ताई, काय कमी होतं ते सांगाल?"

मी पिशवीतून डबा काढला. शोला जाताना तो सोबत असतोच. म्हटलं, आधी याला वेढा घाल, तुझी बोटं कुठे येतात ते लक्षात ठेव. त्याची बोटं नेमकी टेकली. मग त्याच्याच कुत्र्याला घालायला लावला. दोन बोटं जागा उरली. तो माझ्याकडे बघत राहिला.

"आता बोटांची टोकं फासळ्यांवरून फिरव. फासळ्या लागतात?"

त्याने बराच वेळ फिरवली. "नाही लागत."

"मग छाती रुंद आहे की नुसती चरबी, हे आज ना मी सांगू शकत, ना तू. वजन किती?"

"साडेसात किलो."

"उंची २९ आहे. पाच सेंटिमीटरला एक किलो धरतात, म्हणजे सहाच्या आत हवं. चरबी असेल तर उतरेल. हाड असेल तर नाही. खायला काय देतोस?"

तो थोडा थांबला. "मी कोरडं खाणं मोजून देतो. पण आजी चहाबरोबर बिस्किटं देते. सकाळ-संध्याकाळ."

मी म्हटलं, बिस्किटं बंद, जिने चढव-उतरव, आणि तीन महिन्यांनी परत बोटं फिरवून बघ. तेव्हा फासळ्या हाताला लागल्या आणि तरी दोन बोटं उरली, तर मग छातीच तशी आहे.

त्याने मोबाइल काढला. "डबा तेराचा ना?"

"तेराचा. बाहेरून मोज, आतून नको."