शेवळांबरोबर काकडं का विकतात

मृगाच्या आगेमागे दोन-चार दणकट सरी पडल्या की वसई, पालघर, कर्जतकडच्या बाजारांत शेवळं येतात. मिटलेल्या छत्रीसारखी टोकदार, तांबूस-तपकिरी, वीतभर लांबीची, पानाने बांधलेल्या जुडीत. शेजारी हिरव्या, आवळ्याहून लहान फळांचे वाटे मांडलेले असतात. ती काकडं. शेवळांचा भाव विचारला तरी मावशी काकडंही पुढे करते, आणि शहरी गिऱ्हाईक हमखास म्हणतं, 'ती नकोत, नुसती भाजी द्या.' बहुतेक वेळा त्या रात्री त्या घरात सगळे घसा खाकरत बसलेले असतात.

शेवळं सुरणाच्या गोतातली. त्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. त्या जिभेत, टाळ्यात, घशात रुततात आणि खाज सुटते. या सुया पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे 'चांगलं उकळलंय की' हा युक्तिवाद इथे चालत नाही. पिढ्यान् पिढ्यांनी अनुभवाने काढलेला इलाज तिहेरी आहे: खाजरा भाग टाकणं, तेलात खरपूस परतणं आणि भरपूर आंबट. काकडं या तिसऱ्या कामाची. मावशी भाजीबरोबर तिचा उताराच विकत असते म्हणा ना.

शेवळं साफ करताना हाताला तेल लावावं. बाहेरची पातळ आवरणं सोलली की आत दांडा सापडतो. त्याच्या बुडाशी पिवळट, दाणेदार पट्टा असतो, तो काढून टाकायचा. सगळ्यात जास्त खाज तिथे, आणि घाईत नेमका तोच राहतो. उरलेलं अगदी बारीक चिरून, धुऊन, घट्ट पिळून घ्यायचं. नेहमीच्या भाजीच्या दुप्पट तेलात ते आळून रंग बदलेपर्यंत परतायचं. दहा-बारा मिनिटं सहज लागतात. एका जुडीला सात-आठ काकडं ठेचून, बिया काढून, वाटून त्यांचा रस गाळून घालायचा. काकडं मिळाली नाहीत तर मोठ्या लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ. त्यात वीस मिनिटं मंद शिजल्यावरच वाल, सोडे, कोलंबी किंवा खिमा घालायचा. कोलंबी आधीपासून घातली तर तिचं रबर होतं, आणि तिला वाचवायला भाजी लवकर उतरवली तर घसा धरतो. सीकेपी घरांत या भाजीची 'कणी' होते आणि तिच्यासाठी लोक वर्षभर थांबतात. एवढा उपद्व्याप कशासाठी, असा प्रश्न न खाल्लेल्यालाच पडतो.

पावसाळ्यातली दुसरी रानभाजी टाकळा, तो त्या मानाने गरीब स्वभावाचा. मालवणीत टायकिळा. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत पडीक जागा त्याने हिरवी होते. वीतभर वाढलेल्या रोपाचे शेंडे खुडायचे. लसणीच्या सात-आठ पाकळ्या ठेचून तेलात, त्यावर कांदा, सुकी मिरची, मग चिरलेला पाला, शेवटी मूठभर ओलं खोबरं. टोपलीभर पाल्याची वाटीभर भाजी होते, म्हणून मीठ पाला आळल्यावर घालावं. आधी अंदाजाने टाकलं की खारट झालीच. फुलं आल्यावर मात्र टाकळ्याला हात लावू नये. पान चिवट होतं आणि पोट धरतं, म्हणजे खरं तर सोडतं.

टाकळ्याचा एक नातेवाईक आहे, कासविंदा. तोही पडीक जागेतच उगवतो. टाकळ्याच्या पानाला बहुधा तीन जोड्या पर्णिका, टोकाकडे रुंद आणि गोलसर. रात्री त्या मिटतात. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार, आणि पान चुरगळलं तर उग्र दर्प. त्याच्या शेंगांतल्या बिया लहान मुलांना घातक आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात मुलांना होणारा एक जीवघेणा आजार बरीच वर्षं मेंदूज्वर समजला जात होता. या बिया खाल्ल्याने तो होतो, हे या शतकाच्या पहिल्या दशकात उलगडलं. यकृत, स्नायू आणि मेंदू असे तिन्ही त्यात सापडतात. दोन्ही झाडं कुंपणाशेजारी उभी असताना मोठी माणसं पर्णिका मोजतील, पोरं मोजणार नाहीत.

ओळखीची सर्वांत वाईट चूक मात्र कळलावीची. भाद्रपदात तिची लाल-पिवळी फुलं 'गौरीचे हात' म्हणून पूजेला येतात, तेव्हा ती कुणालाही ओळखता येते. पण भाज्या खुडायचे आणि कंद उकरायचे दिवस तिच्या फुलांवर अवलंबून नसतात. तिच्या कंदात कोल्चिसीन हे विष भरपूर असतं, शिजवून ते जात नाही, आणि रताळं किंवा रानकंद समजून तो खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. आधी काही तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, ते थांबल्यासारखे वाटतात आणि त्यानंतर एकेक अवयव खालावत जातो. खूण पानाच्या टोकाला: ते तणाव्यासारखं वळलेलं असतं आणि आधाराला धरून वर चढतं. फोडशीचं, म्हणजे कुलूच्या भाजीचं, तसं नाही. तिची लांब, मऊ पाती जमिनीतूनच झुबक्याने येतात, बूड पांढरं असतं, चढण्याची हौस नसते. तिच्या मुळाकडचा कडक भाग टाकून, पातींत अडकलेली माती तीन-चार पाण्यांनी धुऊन, बारीक चिरून बेसन पेरून केली की कांद्याच्या पातीलाही विसरायला होतं.

काही भाज्यांत विष असतंच आणि ते काढायची रीतही ठरलेली असते. बांबूच्या कोंबात सायनाइड सुटेल असं द्रव्य असतं. कोंब सोलून पातळ चकत्या करायच्या, रात्रभर पाण्यात ठेवायच्या, सकाळी ते पाणी फेकून नव्या पाण्यात अर्धा तास उकळायच्या, तेही झाकण न ठेवता. सुटलेला वायू वाफेबरोबर जायला हवा. झाकण ठेवणारा तो कोंडून ठेवतो. हेही पाणी आमटीला वापरायचं नाही. कडू करांदा या रानकंदाची चिरून, राख घालून उकडून, पुन्हा वाहत्या पाण्यात ठेवायची रीत याच जातीची. करांदा पाण्यातून काढल्यावरही कडू लागला तर टाकून द्यावा. 'कडू ते औषधी' हे वाक्य रानात फार महागात पडतं.

पक्ष्याने खाल्लं म्हणजे आपल्यालाही चालतं, ही दुसरी महाग समजूत. कोकणातल्या काजऱ्याच्या झाडाची नारिंगी फळं धनेश खुशाल खातो. त्याच फळातल्या बियांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं. अळंब्यांच्या पातेल्यात लसूण किंवा चांदीचं नाणं टाकून काळं पडतं का बघणं, हा तर निव्वळ जुगार. जिवावर उठणाऱ्या अळंबीत नाणं स्वच्छ राहतं आणि त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. अळंबी फक्त त्याच वारुळाची, ज्यावर ती दरवर्षी येते हे जाणणाऱ्या माणसाकडून घ्यावी. इथे पुस्तकातला फोटो कामाचा नाही.

अलीकडे एक नवा धोका आलाय, त्याला ना रंग ना चव. बांधावरच्या टाकळ्यावर, कुर्डूवर तणनाशक मारलेलं असतं. फवारणीनंतर पहिले काही दिवस पाला हिरवागारच दिसतो. म्हणून भाजी घेताना 'कुठली?' हा प्रश्न 'केवढ्याला?'च्या आधी विचारावा. 'वरच्या रानातली' म्हणणारी मावशी बहुधा पुढचंही सांगते: किती उकळायची, कशाबरोबर करायची, गरोदर सुनेला देऊ नको. ऐकून घ्यावं; आणि काकडं दिली तर परत करू नयेत.

नवी भाजी पहिल्यांदा करताना एखादी काडी पानाफुलांसकट न चिरता बाजूला ठेवावी. घशाला खाज सुटली तर आमसुलाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात, काही वेळाने ती ओसरते. पण जीभ सुजली, श्वास अडकला किंवा रात्री उलट्या सुरू झाल्या, तर ती काडी पिशवीत घालून सरळ दवाखाना गाठायचा. 'कसली तरी पालेभाजी होती' एवढ्यावर डॉक्टरला काही करता येत नाही.