साउंड डेस्कपाशी अडलेलं गाडं

चर्चमधला गॉस्पेल क्वायर, जोडीला ड्रम, बेस आणि हॅमंड ऑर्गन. सगळं लाइव्ह रेकॉर्ड करायचं होतं. पास्टरांनी लगेच होकार दिला, क्वायर डायरेक्टर तर खूशच. गाडं अडलं ते साउंड डेस्कपाशी, म्हणजे सगळे माइक जिथे जोडतात त्या मिक्सरपाशी.

तिथल्या गृहस्थांचं एकच पालुपद: "मेन आउटच्या दोन वायरी देतो, घ्या रेकॉर्ड करून." मेन आउट म्हणजे हॉलच्या स्पीकरला जाणारा तयार मिक्स. पण त्या दोन वायरींत येणार काय? ड्रम हॉलमध्ये मुळातच दणदणतात, म्हणून स्पीकरमधून ते जेमतेम सोडलेले असतात. रेकॉर्डिंगमध्ये मग गायिका कानाशी आणि ड्रम गल्लीपलीकडे! मला प्रत्येक माइक वेगळा हवा होता. निरोपांवर निरोप गेले, तेव्हा कुठे यूएसबीवरून सगळे चॅनल द्यायला तयार झाले. तेही फेडरनंतरचे, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणानंतरचे. म्हणजे प्रवचनाच्या वेळी त्यांनी क्वायरचा फेडर खाली ओढला की माझ्याकडेही आवाज गुल. ईक्यू-कॉम्प्रेसरच्या (आवाजाचा पोत आणि चढउतार बदलणाऱ्या सेटिंगच्या) आधीचा सिग्नल द्या, म्हणून विनवलं, तर "सेटिंग बिघडेल." आणि तो मिळाला असता तरी गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते, त्यांच्याच हातात. क्वायर चढला की ते गेन खाली पिळणार आणि माझा ट्रॅक मध्येच खचणार.

शेवटी स्वतःचा ट्रान्सफॉर्मरवाला स्प्लिटर नेला. तो प्रत्येक माइकचा सिग्नल दोघांना वाटून देतो. थेट बाजू त्यांच्या डेस्कला दिली, कारण कंडेन्सर माइकला डेस्ककडून लागणारा ४८ व्होल्टचा वीजपुरवठा (फँटम) त्याच बाजूने जातो. ट्रान्सफॉर्मरची बाजू माझ्या प्रीअँपला, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या माझ्या यंत्राला. गुणगुण येणारच, असं ते ठासून सांगत होते. आलीही थोडी. स्प्लिटरवरचं ग्राउंड लिफ्टचं (दोन्हीकडच्या अर्थिंगची जोडणी तोडणारं) बटण दाबलं, गेली. मी काही बोललो नाही, पण मनातून जाम बरं वाटलं.

बाकी फार अडलं नाही. गॉस्पेल क्वायरमध्ये बहुधा सोप्रानो, आल्टो, टेनर असे तीनच गट असतात. प्रत्येकापुढे एक-दोन कार्डिऑइड (मागचा आवाज कमी घेणारे) माइक पुरतात. फक्त माइकची पाठ ड्रमकडे हवी. ऑर्गनच्या लेस्ली (फिरत्या हॉर्नच्या) स्पीकरला वरच्या हॉर्नवर दोन माइक, खाली एक. तालमीत लोक अर्ध्या गळ्याने गातात, तेव्हा गेन त्यावर लावू नका. चोवीस बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये पातळी खाली ठेवली तरी काही बिघडत नाही.

हो, टाळ्या आणि "आमेन" यांसाठी लोकांकडे तोंड केलेले दोन माइक लावाच. ते स्टेजपासून दहा मीटरवर असतील तर स्टेजचा आवाज तिथे सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिक्स करताना ते ट्रॅक तेवढे आधी सरकवून घ्या.